'श्यामची आई' : पैसा, दर्जा आणि चारित्र्य यांवरची वाक्यं मुलांना कशी समजावून द्यावीत?



आपल्या शाळेच्या दिवसांत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा, 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या'. पुस्तकातलं एखादं वाक्य दिलेलं असायचं. ते कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, केव्हा म्हणालं आणि त्याचा अर्थ काय, हे आपण लिहायचो. आता कृतिपत्रिका आल्या. 'स्वमत', 'अभिव्यक्ती' असे शब्द आले. पण मागितलेलं काम तेच आहे. आणि मुलं सगळ्यात जास्त पाठांतर करून सोडवतात तो प्रश्नही हाच. वाक्य कोणतंही असू द्या, उत्तर तयार असतं : "या वाक्यातून लेखकाने प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगितले आहे." वाक्य बदललं तरी उत्तर बदलत नाही, म्हणजे वाक्य वाचलंच गेलेलं नाही.

आजच्या लेखात आपण साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकातली पैसा, समाजातला दर्जा आणि माणसाचं चारित्र्य यांबद्दलची वाक्यं कशी शिकवायची ते पाहू. पाचवी ते सातवीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. या लेखात मी मूळ वाक्यं उतरवलेली नाहीत, फक्त प्रसंग सांगितले आहेत. वाक्य मुलांनी पुस्तक उघडून स्वतः शोधायचं. शोधताना मागची-पुढची दोन पानं आपोआप वाचली जातात, आणि अर्धं शिकवणं तिथेच होतं.

पुस्तकाबद्दल थोडं

पांडुरंग सदाशिव साने म्हणजे साने गुरुजी. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालगड हे गाव. पुढे ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले, १९३० साली नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात आपल्या वर्ध्याचे विनोबाही होते. विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी. आज घराघरांत असलेलं 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. १९३५ साली ते छापून आलं. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

पुस्तकाला कोणी कादंबरी म्हणतं, कोणी आत्मकथन. मुलांना एवढं सांगावं की मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. हे मुलांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं, कारण पुस्तकात आवाज एक नाही. लहानपणचा श्याम बोलतो, त्याची आई बोलते, वडील (घरात त्यांना भाऊ म्हणतात) बोलतात, गावातली माणसं बोलतात, आणि या सगळ्यांवर मोठा झालेला श्याम आपलं मत सांगतो. गावातल्या एखाद्या माणसाचा टोमणा 'लेखकाचा विचार' म्हणून लिहिला, की उत्तर तिथेच चुकतं.

अजून एक अडचण आपल्या भागातल्या मुलांना येते. श्यामचं घराणं खोताचं. खोत म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यातल्या मुलाला कळत नाही. त्याला सांगा, आपल्याकडे जसे मालगुजार होते, तसे कोकणात खोत. गावाचा सारा वसूल करायचा आणि सरकारात भरायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे गावात मान, हातात पैसा आणि कुळांवर सत्ता. श्यामच्या जन्माच्या सुमारास घराण्याची ही पत उतरणीला लागलेली आहे. म्हणजे हे जन्मापासून गरीब असलेल्या घराचं पुस्तक नाही. वरच्या पायरीवरून खाली आलेल्या घराचं हे पुस्तक आहे. पैसा गेला, पण दर्जाची आठवण राहिली. पैशाबद्दलची यातली बहुतेक वाक्यं या दोन गोष्टींच्या मधल्या जागेतून येतात.

वाक्य म्हणजे सुविचार नव्हे

आपण शाळेत काय करतो? चांगलं वाक्य दिसलं की ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. 'आजचा सुविचार'. तो फळ्यावर छान दिसतो, पण त्याचा बोलणारा हरवतो. पैशाबद्दलच्या वाक्याचं तर फारच नुकसान होतं. 'पैशापेक्षा माणुसकी मोठी' हे पोट भरलेल्या माणसाने म्हणणं वेगळं, आणि ज्याच्या घरात संध्याकाळी चूल पेटेल की नाही माहीत नाही त्याने म्हणणं वेगळं. शब्द तेच, पण किंमत वेगळी. पहिल्याला बोलायला काही लागत नाही. दुसऱ्याला बरंच काही द्यावं लागतं.

म्हणून मी वर्गात मुलांना पाच प्रश्न देते. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगते.

१. हे कोण म्हणतंय?
२. कोणाला म्हणतंय, आणि काय घडलं म्हणून म्हणतंय?
३. त्या वेळी बोलणाऱ्याकडे काय आहे आणि काय नाही? (पैसा, घर, दागिना, मान, आधार)
४. त्याला दुसरं काय करता आलं असतं?
५. पुढे तो माणूस बोलल्याप्रमाणे वागतो का?

पहिले दोन प्रश्न जुनेच, संदर्भाचे. तिसरा पैशाचा आणि दर्जाचा. चौथा आणि पाचवा चारित्र्याचा. माझ्या मते चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चारित्र्य गरिबीतही नसतं आणि श्रीमंतीतही नसतं. हातात जी काही निवड उरली आहे, ती माणूस कशी करतो, त्यात ते दिसतं. आता हे प्रसंगांवर लावून पाहू.

प्रसंग पहिला : पर्णकुटी

श्यामच्या वडिलांना एकत्र कुटुंबातून वेगळं व्हावं लागतं. हे कुटुंब काही काळ आजोळच्या घरात राहतं. घर बरं आहे, माणसं परकी नाहीत. पण आईला तिथे राहणं नको वाटतं. दुसऱ्याच्या आश्रयाने राहण्यापेक्षा आपली झोपडी बरी, असं तिचं म्हणणं. त्यासाठी अंगावरचा दागिना मोडायचीही तिची तयारी आहे. शेवटी मातीच्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं लहानसं घर उभं राहतं.

या प्रसंगातलं आईचं बोलणं शोधायला लावा आणि तिसरा प्रश्न विचारा. आईकडे काय आहे? नवरा, मुलं, थोडे दागिने. काय नाही? स्वतःचं छप्पर. चौथा प्रश्न : दुसरं काय करता आलं असतं? माहेरच्या घरात गप्प राहता आलं असतं. तेच सोपं होतं. तिने अवघड निवडलं.

इथे आपल्या सेवाग्रामच्या मुलांच्या मनात एक घोटाळा होतो. तो नीट सोडवायला हवा. आमची मुलं बापूकुटी पाहत मोठी होतात. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. १९४० साली ते सेवाग्राम झालं. बापूकुटी मुळात मीराबेनसाठी बांधलेली. आश्रमाला जागा दिली वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. मुलांना लहानपणापासून सांगितलं जातं की बापू एवढे मोठे, तरी मातीच्या घरात राहिले. मग 'पर्णकुटी' वाचल्यावर मुलं सहज लिहून जातात, 'श्यामच्या आईलाही बापूंसारखं साधं राहणं आवडत होतं.'

नाही. दोन्ही घरं मातीची असली तरी गोष्ट एक नाही. गांधीजी बॅरिस्टर होते. देशातले मोठमोठे उद्योगपती त्यांच्या शब्दाला मान देत होते. त्यांना पक्कं घर मिळालं नसतं असं नाही, त्यांनी ते नाकारलं. याला साधेपणा म्हणतात. श्यामच्या आईला पक्कं घर नाकारायला कोणी दिलंच नव्हतं. तिची गरिबी तिने निवडलेली नाही, ती तिच्यावर आली. तिने निवडली ती एकच गोष्ट, परावलंबी छपरापेक्षा स्वतःचं लहान छप्पर. याला स्वाभिमान म्हणतात.

साधेपणा आणि गरिबी यांतला हा फरक सहावीच्या मुलाला कळतो. फळ्यावर दोन रकाने करा, एकावर 'बापूकुटी', एकावर 'पर्णकुटी'. दोन्हींखाली लिहायला लावा : घर कशाचं? राहणारा कोण? दुसरा पर्याय होता का? कोणी ठरवलं? शेवटच्या दोन ओळींत उत्तरं वेगळी येतात, आणि मुलं स्वतःच बोलू लागतात. मग त्याच रकान्यांत जमनालालजींनाही बसवता येतं. त्यांच्याकडे पैसा होता. त्यांनी काय निवडलं? जमीन दिली. १९२८ साली वर्ध्यातलं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. म्हणजे श्रीमंताचं चारित्र्यही याच फूटपट्टीने मोजता येतं. श्रीमंत म्हणजे वाईट आणि गरीब म्हणजे चांगला, एवढं सोपं गणित मुलांच्या हातात देऊ नये.

प्रसंग दुसरा : दक्षिणा

श्याम एके ठिकाणी जेवायला जातो. तिथे इतरांबरोबर त्यालाही दक्षिणा मिळते आणि तो ती घेऊन घरी येतो. पोराला आनंद झालाय. घरात पैशाची चणचण आहे, त्यात चार पैसे आले! पण आईला ते आवडत नाही. आपण भिक्षुक नाही, दक्षिणा घेणं आपल्याला शोभत नाही, अशी तिची समजूत. या रात्रीचं नावच 'स्वाभिमान-रक्षण' आहे.

वरवर पाहता हे स्वाभिमानाचं वाक्य. पण इथे मुलांना एक पायरी खाली उतरवा. आईच्या बोलण्यात 'आपण' हा शब्द कोणासाठी आहे? 'आपण' म्हणजे आमचं घराणं, देणाऱ्यांचं घराणं. घेणारे ते दुसरे. म्हणजे स्वाभिमानाच्या या धाग्यात जुन्या दर्जाचाही एक धागा विणलेला आहे. पैसा गेला तरी 'आपण देणारे' ही ओळख आई सोडत नाही.

हे सांगून आईला छोटं करायचं नाही. तिचा मुद्दा खराच आहे. फुकटची सवय लागली की कष्टाची गोडी जाते, ही तिची भीती मोलाची आहे. पण एकाच वाक्यात दोन गोष्टी असू शकतात, हे मुलांना दिसायला हवं. मोठ्या मुलांना विचारा, 'जो भिक्षुकीच करतो, त्याचं काय? दक्षिणा घेतल्यामुळे त्याला स्वाभिमान नसतो का?' वर्गात यावर चांगला वाद होतो. होऊ द्या.

इथेच इतिहासाची जोड देता येते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. म्हणजे 'श्यामची आई' छापून आल्यानंतर दोनच वर्षांनी. ज्या खोतपणाचं वैभव गेल्याचं दुःख श्यामच्या घराला आहे, त्याच खोतपणाखाली कुळं भरडली जात होती. एकाच गोष्टीकडे वाड्यातून पाहिलं तर काय दिसतं आणि शेतातून पाहिलं तर काय दिसतं, एवढंच मुलांना विचारा.

प्रसंग तिसरा : मोळी

एक म्हातारी महार बाई लाकडाची मोळी घेऊन चाललेली असते. मोळी खाली पडते. तिला ती एकटीने डोक्यावर घेता येत नाही, आणि शिवाशिवीमुळे कोणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि त्याचबरोबर सांगते, घरी आल्यावर आंघोळ कर.

बरेच जण शिकवताना पहिला भाग सांगतात आणि आंघोळ गाळतात. गाळू नका. खरा धडा तिथेच आहे. आई त्या काळच्या रूढीतून पूर्ण बाहेर पडलेली नाही. पण रूढी पाळणाऱ्या गावात, ज्या क्षणी सगळे बघत उभे आहेत, त्या क्षणी तिने आपल्या मुलाला पुढे पाठवलं. लोक काय म्हणतील याची किंमत मोजली. तिच्या काळात तिच्या हाती जेवढी निवड होती, त्यात ती एक पाऊल पुढे गेली. आणि तोच श्याम, म्हणजे साने गुरुजी, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. आईने आंघोळीसह एक पाऊल टाकलं, मुलाने पुढचं पाऊल आंघोळ सोडून टाकलं. मंदिर खुलं झालं.

मुलांनी आईवर टीका केली, 'मदत केली मग आंघोळ कशाला?' असं विचारलं, तर त्यांना गप्प करू नका. हा प्रश्न विचारणारं मूल पुस्तकाचा अपमान करत नाही. त्याने पाचवा प्रश्न नीट विचारलेला आहे.

प्रसंग चौथा : कर्ज

कर्जाच्या रात्रीच्या शीर्षकातच कर्जाला नरकाची उपमा आहे. सावकाराचा वसुलीचा माणूस घरी येतो, तिथेच बसून वाटेल ते बोलतो. नेहमी नवऱ्याच्या मागे उभी राहणारी आई त्या दिवशी पुढे येऊन त्याला सुनावते. पुढे दावा लागतो, जप्तीची दवंडी गावात पिटली जाते, शाळेत पोरं श्यामला चिडवतात. आई खचत जाते, आजारी पडते आणि जाते. श्यामला तिची शेवटची भेटही होत नाही.

ही पानं शिकवताना आपण सगळ्यांनी फार जपून बोलायला हवं. आपल्या वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं. कापूस आणि सोयाबीनवर चालणारी घरं. सोसायटीचं पीककर्ज, बचत गटाचा हप्ता, कोणाकडून उसने घेतलेले पैसे. पाऊस फिरला की सगळं गणित फिरतं. अशा वर्गात 'कर्ज काढणं वाईट, अंथरूण पाहून पाय पसरावेत' असा निष्कर्ष आपण काढून दिला, तर एखादं मूल मान खाली घालतं. त्याला ऐकू येतं, 'माझे बाबा वाईट.'

पुस्तक असं म्हणत नाही. पाच प्रश्न लावून पाहा. कर्जाबद्दलचे कठोर शब्द कोणाच्या अनुभवातून येतात? ज्यांनी ते भोगलं त्यांच्या. त्यात कर्जदाराचा तिरस्कार नाही. त्यात कर्जाने माणसाची काय अवस्था होते, त्याचं दुःख आहे. या पानांवर लाज कोणाला वाटायला हवी? आईला की तिच्या दारात बसून तिला वाटेल ते बोलणाऱ्याला? मुलं एका सुरात सांगतात, 'त्या माणसाला!' हे उत्तर वहीत लिहून घ्या. कर्ज असणं हा चारित्र्यावरचा डाग नाही. दुसऱ्याच्या अडचणीत त्याचा अपमान करणं हा डाग आहे. एवढं एक वाक्य त्या मान खाली घातलेल्या मुलापर्यंत पोचलं, तरी तास सार्थकी लागला म्हणायचा.

याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती विसरू नका. श्याम स्वतः पाहुण्याचे पैसे चोरतो. का? पुस्तक घ्यायला, वाचून मोठं व्हायला. गरीब घरातला मुलगा म्हणून तो आपोआप गुणी नाही. उद्देश चांगला, रस्ता वाईट. म्हणजे साने गुरुजींनी गरिबीला चारित्र्याचं प्रमाणपत्र दिलेलं नाही. आपणही देऊ नये.

उत्तर कसं लिहावं? एक नमुना

'आनंदाची दिवाळी' ही रात्र घ्या. दिवाळी आली आहे, भाऊंचं धोतर जीर्ण झालंय. आईला भाऊबिजेचे पैसे मिळतात. त्यातून ती स्वतःसाठी काही न घेता भाऊंसाठी नवं धोतर आणते. या प्रसंगातल्या आईच्या बोलण्यावर प्रश्न आला, तर मुलांची उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात.

*पहिलं उत्तर :* "या वाक्यातून आईचे प्रेम दिसते. आपण सर्वांवर प्रेम केले पाहिजे." हे चूक नाही, पण ते कोणत्याही पानाला चिकटवता येतं.

*दुसरं उत्तर :* "आई हे श्यामच्या वडिलांबद्दल बोलते. वडिलांचे धोतर फाटले होते. तिने भाऊबिजेच्या पैशातून धोतर आणले. यातून तिचा त्याग दिसतो." संदर्भ आला. बरं आहे.

*तिसरं उत्तर :* "भाऊबिजेची ओवाळणी ही बाईच्या स्वतःच्या हक्काची रक्कम असते. ती कशासाठी खर्च करायची हे आई स्वतः ठरवू शकत होती. घरात पैसे कमी असताना तिच्याकडे एवढेच पैसे होते. तिने ते नवऱ्यासाठी वापरले. रक्कम लहान होती, पण तिच्याजवळच्या सगळ्या पैशांएवढी होती, म्हणून ही भेट मोठी आहे. मला वाटते, कोणीतरी आईसाठीही लुगडे आणायला हवे होते."

तिसऱ्या उत्तरातलं शेवटचं वाक्य पाहा. त्याला कोणी कदाचित 'विषयाला सोडून' म्हणेल. मी पूर्ण गुण देईन. त्या मुलाने आईच्या त्यागाला नमस्कार करून पान उलटलं नाही. आईला कोण देणार, हे विचारलं. स्वमत ते हेच.

उत्तराचा सांगाडा मुलांना असा द्यावा : एक ओळ संदर्भाची, दोन ओळी परिस्थितीच्या, दोन ओळी निवडीच्या, एक ओळ स्वतःच्या मताची. सहा ओळींत काम होतं. 'या वाक्यातून लेखकाने' ही सुरुवात काही दिवस वर्गात बंदच करून टाका. मुलं पहिले दोन दिवस अडखळतात, मग त्यांना स्वतःचे शब्द सापडायला लागतात.

वर्गात आणि घरी करण्यासारखं

१. *वाक्याचा मालक शोधा.* चिठ्ठ्यांवर पुस्तकातली दहा वाक्यं मुलांनीच उतरवायची. दुसऱ्या गटाने ती कोणाची ते ओळखायचं : आई, भाऊ, लहान श्याम, मोठा श्याम, की गावातलं कोणी.

२. *पैशाची यादी.* पुस्तकात जिथे जिथे पैसे हातात येतात, तिथली नोंद करायची. कुठून आले, कशावर गेले, कोणी ठरवलं. दक्षिणा, ओवाळणी, चोरलेले पैसे, आणि श्यामने खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी शिवलेला कोट. चार नोंदींत चार वेगळी चारित्र्यं दिसतात.

३. *न बोललेलं वाक्य.* 'अळणी भाजी' या रात्री आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि भाऊ एक अक्षर न बोलता जेवून उठतात. बोललेल्या वाक्याइतकंच गिळलेलं वाक्यही माणूस दाखवतं. भाऊ काय म्हणू शकले असते आणि त्यांनी का म्हटलं नाही, हे मुलांनी लिहायचं.

४. *पालकांसाठी.* रात्री जेवणं झाल्यावर एक रात्र मोठ्याने वाचा. पुस्तकाची रचनाच तशी आहे. वाचून झाल्यावर 'यातून काय बोध घेतला?' हे विचारू नका. त्याऐवजी विचारा, 'तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' आणि मुलाने जे सांगितलं ते ऐकून घ्या. घरात पैशाची ओढाताण असेल तर ती लपवूही नका आणि मुलाच्या डोक्यावर टाकूही नका. श्यामच्या आईने मुलापासून परिस्थिती लपवली नाही. म्हणून तर तो कोट शिवू शकला.

एक सूचना. फाटके कपडे, कर्ज, जप्ती हे विषय निघतील तेव्हा वर्गातल्या कोणत्याही मुलाला 'तुझ्या घरी कसं आहे?' असं उभं करून विचारू नये. बोलणं श्यामबद्दल चालू द्यावं. ज्याला स्वतःचं सांगायचं असेल तो श्यामच्या नावाने सांगतो. पुस्तकाचा हा मोठा आधार आहे, तो काढून घेऊ नये.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याची कल्पना मांडली. नई तालीम तिथून सुरू झाली. वाक्य समजून घेणं हेही हातानेच करायचं काम आहे. पान उलटायचं, मागे जायचं, माणूस शोधायचा, त्याच्या खिशात काय होतं ते पाहायचं आणि मग बोलायचं. हे सवयीचं झालं, की मुलं पुस्तकातलीच काय, निवडणुकीतल्या भाषणातली आणि जाहिरातीतलीही वाक्यं याच पाच प्रश्नांनी तपासू लागतात.

पुढच्या आठवड्यात एकच रात्र निवडा, पाच प्रश्न फळ्यावर लिहा आणि करून पाहा. तुमच्या मुलांनी चौथ्या प्रश्नाला काय उत्तरं दिली, ते जरूर कळवा.